तारांची चाकं

मोटारी बोलायच्या त्या काळची गोष्ट. कोल्हापुरात दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात बिजली नावाची एक जुनी, लाल, दोन सीटांची रेसची गाडी होती. दुसऱ्या दिवशी तिला घाट चढून दाखवायचा होता. नाहीतर मालकीणबाई तिला आपल्या हॉटेलच्या दारात कायमची शोभेला उभी करणार होत्या.

कोपऱ्यातली नवी, रुंद, चकचकीत चाकं म्हणाली, "आम्हाला घे. त्या तारांच्या काटकुळ्या चाकांवर तू म्हातारी दिसतेस."

बिजलीला मोह झाला. मिस्त्रींनी नवी चाकं चढवली. सरळ रस्त्यावर तिचा रुबाब काय सांगावा! पण स्टिअरिंग पूर्ण वळवताच टायर मडगार्डला खर्रकन घासला.

"मडगार्ड थोडं कापून घे की," चाकं म्हणाली.

"अंगाच्या मापानं चाक घेतात," बिजली फणकारली, "चाकाच्या मापानं अंग कापत नाहीत. मिस्त्री, उतरवा ही!"

मिस्त्रींनी जुन्या चाकांची एकेक तार पान्यानं वाजवून पाहिली. खणखणली ती ठेवली, बद्द वाजली ती आवळली. मग त्यांवर अरुंद, पण नवे टायर बसवले.

"लोक हसतील," रुंद चाकं म्हणाली.

"लोक मला उभी असताना बघतात. वळणावर मी एकटीच असते."

बिजली घाट चढली, एकाही वळणाला न अडखळता. हॉटेलच्या दारात आता ती रुंद चाकं मांडून ठेवली आहेत. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. चाकं दिसतात मात्र फार छान.