चीरघराबाहेरचा शनिवार

“खोटं वागणाऱ्या माणसाला शपथ देता येते का, भन्तेजी?”

भन्ते शीलरत्न विहाराच्या ओट्यावर बसून फाटलेल्या चिवराला टाके घालत होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

“कोणाला द्यायची आहे?”

“विशाखा रामटेकेला. उद्या अकरा वाजता.”

विचारणारी शर्वरी पांढरीपांडे ही कॉलेजच्या गुणवंत मंडळाची अध्यक्ष होती. मंडळात जागा बारा. नुसते मार्क असून भागत नसे, वर्षभर गावासाठी काम करावं लागे. निवड झालेली मुलं दर वर्षी खांद्यावर मेरून पट्टा घालून सभागृहात उभी राहत आणि भन्ते त्यांना सेवेची शपथ देत.

भिक्खू होण्याआधी भन्ते सव्वीस वर्षं त्याच कॉलेजात पाली शिकवत होते. आता कॉलेजमागच्या टेकडीवर हा छोटा विहार आणि दर बुधवारी पालीचा वर्ग. त्या वर्गात शर्वरी सगळ्यांत हुशार होती. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणला.

“आत कोणी आहे?”

“बुद्ध आहेत.”

“मी विद्यार्थ्यांबद्दल विचारतेय.”

“नाही. बोल.”

ती पायरीवर बसली, पण पाठ टेकवली नाही. हातात निवड यादी होती, दुमडून दुमडून मऊ पडलेली. विशाखाचं नाव सातवं होतं.

“आमचा सरकारी दवाखान्यात दर शनिवारी मदत कक्ष असतो, तुम्हाला माहीत आहे. तो मी सुरू केला. डीनसाहेबांच्या दारात चार महिने चकरा मारल्या तेव्हा कुठे केसपेपरच्या खिडकीशेजारी एक टेबल मिळालं. खेड्यातून माणसं येतात, त्यांना बोर्ड वाचता येत नाहीत. एक्सरे कुठे, रक्त कुठे द्यायचं, आम्ही सांगतो. दर शनिवारी दोघांनी नऊ ते बारा टेबलाशी बसायचं, असा नियम आहे. या महिन्यात माझी आणि विशाखाची पाळी आहे.”

“चांगलं काम आहे.”

“विशाखा नऊला येते. हजेरीवर सही करते. आणि निघून जाते.”

भन्तेंनी दोरा दाताने तोडला.

“कुठे?”

“तेच मी शोधलं.”

“कसं?”

शर्वरीने यादी दुसऱ्या हातात घेतली.

“तिच्या मागे गेले. तीन शनिवार.”

खाली कॉलेजच्या मैदानावर कुणीतरी उद्याच्या कार्यक्रमासाठी माइक तपासत होतं. हॅलो... हॅलो... एवढंच वर ऐकू येत होतं.

“पहिल्या शनिवारी ती गर्दीत हरवली. दुसऱ्या शनिवारी मी सोडलं नाही. दवाखान्याच्या मागे चीरघर आहे ना, पोस्टमॉर्टेम होतं तिथे, ती तिकडे गेली. बाहेर नातेवाईक बसलेले असतात, त्यांच्यात जाऊन बसली. तिथे एक रुग्णवाहिका बंद पडलेली आहे. मी तिच्या आड उभी राहून बघत होते.”

“काय केलं तिने?”

“काही नाही! तेच तर सांगतेय. नुसती बसली. एका म्हाताऱ्याबरोबर चहा प्यायली. तो काहीतरी बोलला तर हसलीसुद्धा. चीरघराच्या दारात हसली, भन्तेजी. फॉर्म भरला नाही, कुणाला काही समजावलं नाही. याला सेवा म्हणायचं?”

“तू काय म्हणतेस?”

“मी पळवाट म्हणते. तिकडे कुणी तपासायला जात नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.”

“तिला विचारलंस?”

“विचारलं तर सावध होईल.”

भन्तेंनी सुई चिवराच्या काठाला टोचून ठेवली. आता ते तिच्याकडे पाहत होते. शर्वरीला ते पाहणं आवडलं नाही. बुधवारच्या वर्गात तिने पाठ बरोबर म्हटला की ते असं पाहत नसत.

“भन्तेजी, एक विचारू? राग मानू नका.”

“विचार.”

“विशाखाची आजी इथे तुम्हाला भोजनदान देते ना?”

“देते. मंगळवारी.”

“आणि विशाखा तुमच्या...”

ती थांबली.

“पूर्ण कर वाक्य.”

शर्वरीचे कान तापले.

“...तुमच्या ओळखीची आहे.”

“आहे. तूही आहेस.”

शर्वरीने यादीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

“मी जात बघून बोलत नाहीये,” ती म्हणाली.

“मी तसं म्हटलं नाही.”

“पण तुम्हाला वाटलं.”

“मला काय वाटलं ते तुला न विचारताच कळलं. विशाखाला काय वाटलं तेही कळलं.” भन्ते शांतपणे म्हणाले. “तिसऱ्या शनिवारचं राहिलं.”

तिसऱ्या शनिवारचं तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

“तो कालचाच. तेव्हा एक बाई आली. कोवळीच होती, असेल माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. ती विशाखाशेजारी बसली. बराच वेळ दोघी बसून होत्या. मग बाईने हातातलं गाठोडं विशाखाला दिलं. विशाखाने इकडेतिकडे बघितलं, सायकलच्या कॅरिअरला ते बांधलं आणि गेली. बारा वाजायच्या आत! मेलेल्या माणसाच्या घरच्यांकडून वस्तू घ्यायची, भन्तेजी... मी स्वतः बघितलं. उद्या शपथ घेताना ती हात पुढे करणार आणि तुम्ही शब्द सांगणार. मंडळाचं नाव जाईल. तुमचंही.”

भन्ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

ते आत गेले आणि एक गाठोडं घेऊन बाहेर आले. पिवळ्या फुलांच्या जुन्या लुगड्याचं फडकं. त्यांनी ते शर्वरीपुढे ठेवून गाठ सोडली.

आत स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा होता. धुतलेला, पुसलेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं. गोवर्धन उके.

शर्वरीने डब्याकडे पाहिलं. मग भन्तेंकडे.

“हा इथे कसा?”

“विशाखाने आणला. काल. बाराला वीस कमी होते.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मी इतका वेळ बोलतेय आणि तुम्ही...”

“तू विचारलं नव्हतंस.”

तिचा संशय आता दोघांवर होता. ती उठून उभी राहिली.

“काय आहे हे?”

“गोवर्धन उके राईस मिलमध्ये हमाल होता. शुक्रवारी सकाळी बायकोने डबा करून दिला. दिवसपाळीला लागूनच रात्रपाळीही आली म्हणून त्याने डबा रात्रीसाठी ठेवला, पण रात्रीही खायला सवड मिळाली नाही. पहाटे पोत्यांची थप्पी अंगावर आली. मिलवाल्यांनी त्याला दवाखान्यात आणलं आणि बायकोच्या हातात हा डबा दिला. त्याने तो उघडला नव्हता.”

शर्वरी हळूच खाली बसली.

“तिला तो उघडवेना. फेकवेना. घरी सासू, दोन लेकरं, तिथे भरलेला डबा परत कसा न्यायचा, हेही कळेना. तिने विशाखाला विचारलं, बाई, याचं काय करू?”

“मग?”

“विशाखालाही कळलं नाही. ती इथे घेऊन आली. म्हणाली, भन्तेजी, याचं काय करतात?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“काही सांगितलं नाही. भिक्षापात्र पुढे केलं.”

शर्वरीला आधी समजलंच नाही. मग समजलं.

“तुम्ही... खाल्लं ते?”

“आम्हा भिक्खूंना बाराच्या आत खावं लागतं.”

“आदल्या दिवशीचं... त्या माणसाचं... कसं खाल्लंत?”

“सावकाश.”

खालचा माइक बंद झाला होता.

“वांग्याची भाजी होती,” भन्ते म्हणाले. “दोन पोळ्या. तिखट हात आहे तिचा. विशाखा समोर बसून होती. मग तिने डबा घासला. उद्या कार्यक्रम झाला की ती तो त्या घरी पोचवणार आहे. सांगणार आहे की अन्न वाया गेलं नाही.”

शर्वरीची नजर फडक्यावरच्या पिवळ्या फुलांवर खिळली होती. तिचा चेहरा उतरत गेला.

“ही बाई,” भन्तेंनी विचारलं, “तू आधी कुठे पाहिली होतीस?”

नाही म्हणता आलं असतं. टेबलाशी तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

“पाहिली होती,” ती शेवटी म्हणाली. “आमच्या टेबलाशी. सव्वानऊला. हेच फडकं होतं हातात.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली... चीरघर कुठं हाय जी?”

“मग?”

“विशाखा तेवढ्यात निघाली होती. मला तिच्या मागे जायचं होतं. घाईत मी म्हटलं... आधी केसपेपर काढा, त्या रांगेत उभ्या राहा.”

तिने यादी मुठीत चुरगळली.

“ती पाऊण तास रांगेत उभी होती,” भन्ते म्हणाले. “खिडकीवरच्या बाबूने विचारलं, पेशंट कुठाय?”

शर्वरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

भन्तेंनी डब्याला पुन्हा फडकं गुंडाळलं. गाठ मारली.

“टेबलाशी कुणीच नव्हतं,” ती हातांआडून म्हणाली. “मी टेबल सोडून गेले होते. दोन तासांहून जास्त. विशाखा टेबल सोडते हे बघायला.”

“यादी आणली आहेस ना?”

तिने ती दिली. भन्तेंनी ती उघडून सातव्या नावावर नजर फिरवली आणि तिला परत केली.

“खोडायचं तर खोड. अध्यक्ष तू आहेस.”

शर्वरीने पेन काढलं. टोपण उघडलं. बराच वेळ ते कागदावर धरून ती बसून राहिली. सातव्या नावावर नाही, पहिल्या नावावर. ते तिचं स्वतःचं होतं.

“ते खोडलंस तर त्या टेबलाशी पुढच्या शनिवारी कोण बसेल?” भन्ते म्हणाले.

तिने टोपण लावलं. यादी बारा नावांचीच राहिली.

ती निघाली. फाटकापर्यंत गेली आणि वळली. एवढं सगळं होऊनही एक शंका तिच्या मनातून जात नव्हती. विशाखाने इकडेतिकडे पाहिलं होतं काल. सायकलवर बसण्याआधी.

“भन्तेजी, तिने मला पाहिलं होतं का?”

“हो. दोन्ही वेळा.”

“तक्रार केली असेल माझी.”

“तक्रार नाही. विचारलं.”

“काय?”

भन्तेंनी चीवर पुन्हा मांडीवर घेतलं.

“म्हणाली, शर्वरीताई दोन शनिवार त्या रुग्णवाहिकेआड एकटीच उभी असते. चीरघराकडे बघत राहते, पुढे येत नाही. तिचं कोणीतरी गेलं असेल आणि तिला सांगवत नसेल. मी जाऊन शेजारी उभी राहू का?”

शर्वरीने फाटकाचा गज घट्ट धरला.

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, थांब. आधी मी विचारतो.”

“मग... विचारा ना.”

भन्तेंनी सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेला तो गेला नाही. दुसऱ्या खेपेला गेला. मग त्यांनी वर पाहिलं.

“कोण गेलंय तुझं, पोरी?”