अप्पांची नवी मेमरी

फार वर्षांपूर्वी जन्मलेला एक संगणक इचलकरंजीत हेमलताताईंच्या टेबलावर बसून असे. शेजारचा प्रिंटर त्याला अप्पा म्हणे. ताईंनी खटपट करून त्याच्यासाठी नवी मेमरी बनवली, जुनीच्या सोळापट! अप्पांची रीत अशी, की सुरू झालं की आधी आपली मेमरी मोजायची, मगच कामाला हात घालायचा.

त्याच दिवशी शरयूबाई जुनी फ्लॉपी घेऊन आल्या. लेकीच्या बारशाला त्यांनी रचलेला पाळणा त्या फ्लॉपीत होता, आणि आज संध्याकाळी नातीचं बारसं होतं.

ताई म्हणाल्या, "हा पाळणा उघडला नाही, तर हे धूड उद्या भंगारात."

अप्पा मोजू लागले. मोजून झालं, तर इतकं गोड वाटलं की पुन्हा मोजायला बसले.

प्रिंटर कुजबुजला, "अहो अप्पा, बाईंची एसटी आहे!"

"मध्ये बोलू नकोस रे. चुकलं, तर पहिल्यापासून मोजावं लागेल."

"मोजा, मोजा. भंगारवाला उरलेलं वजनावर मोजेल."

तेवढ्यात शरयूबाईंनी चपला पायात सरकवल्या. अर्धी मोजणी तशीच टाकून अप्पांनी फ्लॉपी उघडली. पाळणा निघाला जेमतेम अकरा ओळींचा. प्रिंटरने तो खरखरत छापला आणि बाई डोळे पुसत एसटीकडे धावल्या.

"अप्पा, एवढ्याला तर जुनी मेमरीसुद्धा पुरली असती की हो!"

"हळू बोल," अप्पा म्हणाले, "ताई अजून इथंच आहेत."