घोरपडबाईंचे पेढे

ओवीच्या खोकल्याच्या काळजीने मला झोप लागेना, म्हणून तिला ही गोष्ट सांगितली. तिच्या बाबालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

फार पूर्वी प्राणीही गाड्या चालवायचे. मुंगूसरावांची गाडी भकाभका धूर सोडायची आणि त्यांचं पिल्लू खोकायचं.

"अहो, विजेवरची घ्या ना!" मुंगूसबाई विनवायच्या.

"आणि वाटेत चार्जिंग संपलं तर ढकलणार कोण, तुझे भाऊ?"

एके दिवशी शेजारच्या घोरपडबाई विजेवरच्या नव्या गाडीचे पेढे घेऊन आल्या. मुंगूसरावांनी पेढा कसाबसा गिळला आणि तडक तसलीच गाडी बुक करायला निघाले.

"पिल्लासाठीच ना?" मुंगूसबाईंनी विचारलं.

"अर्थात! फक्त घोरपडबाईंच्यापेक्षा मोठी हवी."

ओवी जरा विचारात पडली. मग म्हणाली, "आई, आपले शेजारी कधी घेणार गं?"