वाढत्या हाताची गिटार

एक गाव होतं. त्याचं नाव सांगून तुम्हाला काही कळणार नाही, कारण तिथं एसटी फक्त माघारी वळायला जायची. त्या गावात सोपान नावाचा एक ड्रायव्हर राहायचा. राहायचा म्हणजे त्याचं बिऱ्हाड तिथं होतं. तो स्वतः दुधाचा टँकर घेऊन सदा वाटेवर असायचा. घरी होती त्याची मुलगी तनुजा, पाचवीतली. आई गेल्यावर बापलेक या गावात येऊन राहिले होते. शेजारच्या भामाकाकू तिला दोन वेळा जेवायला वाढत आणि रात्री झोपायला आपल्याकडे नेत. बाकीचा सगळा वेळ तिचा तिलाच काढावा लागे.

सोपान मनाने चांगला होता. लेकीला काही कमी पडू देत नसे. फक्त जे आणायचा ते वाढत्या मापाचं आणायचा. आपल्याकडे ही रीतच आहे, तिला नावं ठेवणारा मी कोण? शाळेचा झगा घोट्यापर्यंत, चपलेच्या टोकाला कापडाचा बोळा, रेनकोटच्या बाह्या दुमडलेल्या. पोर भराभर वाढतं, पुढच्या वर्षी बरोबर बसेल, असं म्हणायचं. पुढच्या वर्षी तो झगा बरोबर बसतोही, पण तेव्हा त्याचा रंग उडालेला असतो. नवी आणि नेमक्या मापाची अशी एकही वस्तू तनुजाच्या वाट्याला कधी आली नव्हती. सोपानची आणखी एक अडचण होती. खरेदीच्या वेळी लेक समोर नसायची आणि ती सध्या केवढी झाली आहे हे त्याला नीट ठाऊक नसायचं. म्हणून तो अंदाजाने मोठंच घ्यायचा.

गावच्या समाजमंदिरात संध्याकाळी पोरांचा ऑर्केस्ट्रा बसायचा. ढोलकी होती, ऑक्टोपॅड होता, कीबोर्ड होता. जत्रेच्या दिवशी ही मंडळी स्टेजवर वाजवत. तनुजा रोज दाराशी काढलेल्या चपलांजवळ बसून ऐकायची. तिला कुणी हाकलत नव्हतं आणि आत ये असंही कुणी म्हणत नव्हतं. एकदा सगळ्यांचा म्होरक्या असलेला निशिकांत तिला सहज म्हणाला, “आपल्यात गिटार न्हाई कुणाची. करंटवाली पाहिजे, साधी या गोंगाटात ऐकू यायची न्हाई. तुझ्या पप्पांना सांग की. मी शिकवतो. मग तू आपल्यातलीच.”

‘आपल्यातलीच’ हा शब्द तनुजाला कुणी पहिल्यांदाच दिला होता. तिने तो घरी नेला आणि बाप येईपर्यंत जपून ठेवला.

लेकीने काही मागावं आणि बापाने नाही म्हणावं असं त्या घरात होत नव्हतं. सोपानने जिल्ह्याच्या गावी टँकर रिकामा केला आणि तिथल्या वाद्यांच्या दुकानात गेला.

“वाजवणारी कुठाय? तिला नाही आणलं?” दुकानदाराने विचारलं.

“तिची शाळा असती.”

“हात केवढा आहे?”

सोपानने दोन बोटांनी हवेत एक माप दाखवलं. मग स्वतःच त्यात थोडी भर घातली. “वाढता हात हाय,” तो म्हणाला. “मोठीच द्या.”

दुकानदाराने पुन्हा विचारलं नाही. भिंतीवरची सगळ्यात थोराड गिटार बरेच दिवस कुणी खाली उतरवली नव्हती, ती त्याने उतरवली. काळी, चकचकीत, जाड आणि लांब दांडीची. सोबत एक छोटा स्पीकर. सोपानला ती पाहताक्षणी पसंत पडली. ही लेकीला जन्मभर पुरेल असं त्याला वाटलं. पुरली असती, यात शंका नाही.

तनुजा ती गिटार छातीशी धरून समाजमंदिरात गेली तेव्हा पोरांनी तिला सतरंजीवर जागा करून दिली. ती जागा तिला फार दिवस मिळाली नाही. गिटारच्या वजनाने तिचा खांदा खाली ओढला जायचा. दांडीच्या टोकापर्यंत पोचायचं तर हात पुरा ताणावा लागायचा आणि ताणलेल्या हाताच्या बोटांत जोर उरायचा नाही. दांडी तिच्या मुठीत मावत नव्हती. तारा जाड होत्या आणि लाकडापासून उंच होत्या. एक दाबली की शेजारची सुटायची. सूर निघायचाच नाही, नुसती खरखर यायची.

निशिकांतने चार-आठ दिवस वाट पाहिली. मग जत्रा जवळ आली. “तुझे हात लईच लहान हायत,” तो म्हणाला. वाईट हेतूने म्हणाला असं नाही. “जरा मोठी हो, मग ये.”

तनुजाने ते खरं मानलं. हात कमी पडले, यात गिटारचा काय दोष? बापाने एवढ्या हौसेने आणलेली वस्तू चुकीची असेल हे तिच्या मनातही आलं नाही. ती घरी आली, गिटार खाटेखाली सरकवली आणि त्यानंतर समाजमंदिराच्या दाराशीही गेली नाही. आधी चपलांजवळ बसवत होतं. एकदा सतरंजीवर बसून आल्यावर तिथं बसवेना.

मग ती मोठी व्हायची वाट पाहू लागली. शाळेतून आली की घरात कुणी नसायचं. ती एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं धरून ओढायची, लांब होतात का ते बघायची. भामाकाकूंनी एकदा विचारलं, “काय गं, बोटं दुखत्यात का?” ती म्हणाली, “न्हाई.” ते खरंच होतं, बोटं दुखत नव्हती.

सोपान वाटेवरून फोन करायचा. “जमतंय का गं?”

“जमतंय.”

“मग वाजव की. ऐकू दे मला.”

“लाइट गेलीया, पप्पा.”

करंटवाल्या गिटारचा तेवढा एक फायदा होता. सोपानचा फोन आला आणि त्याने गिटारचं नाव काढलं की त्या गावातली लाइट जायची. सोपान लाइटवाल्यांना नावं ठेवायचा आणि फोन ठेवायचा. तनुजा दिव्याखाली बसून फोनकडे बघत राहायची. गिटार यायच्या आधीही ती एवढी एकटी नव्हती, कारण आधी बापाशी खरं बोलता येत होतं.

जत्रा आली. सोपानने सुट्टी काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ऑर्केस्ट्राच्या समोर पहिल्या रांगेत जाऊन बसला. शेजारच्या अनोळखी माणसाला त्याने आपणहून सांगितलं, “गिटारवर माझी लेक हाय.” पडदा वर गेला. ढोलकी होती, ऑक्टोपॅड होता, कीबोर्ड होता. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. शेजारचा माणूस सोपानकडे बघू लागला. सोपान उठला.

तनुजा गावाबाहेर उभ्या केलेल्या टँकरच्या पायरीवर बसली होती. स्टेजवरचे आवाज तिथपर्यंत येत होते. सगळं गाव माळांनी उजळलेलं दिसत होतं.

“लाइट तर हाय की आज,” सोपान म्हणाला.

“माझे हात लहान हायत, पप्पा,” तनुजा म्हणाली. “ओढून बघितले. वाढतच न्हाईत.”

सोपान तिच्याशेजारी बसला आणि त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. स्टिअरिंग धरून धरून त्याच्या तळव्याला घट्टे पडले होते. रोज एखादी गोष्ट धरली की हाताला तिची खूण पडते, एवढं ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. लेकीच्या बोटांची टोकं लोण्यासारखी मऊ होती. त्या बोटांनी कित्येक दिवसांत तार दाबलेली नव्हती. आणि हात एवढासा होता. दुकानात हवेत दाखवलेल्या मापाच्या निम्मासुद्धा नव्हता. आपण आजवर ज्या मुलीसाठी वस्तू आणत होतो ती घरात राहतच नव्हती, हे सोपानला कळलं. घरात राहत होती ही. त्याला लाज वाटली आणि रडूही आलं.

“हात बरोबर हायत तुझे,” तो म्हणाला. “चुकलं ते माझं.”

पुढच्या खेपेला सोपानने तिला टँकरमध्ये शेजारी बसवून नेलं. शाळा बुडाली ती बुडाली. दुकानदाराने या वेळी तिला स्टुलावर बसवलं आणि एकेक करंटवाली गिटार स्पीकरला जोडून मांडीवर देऊन पाहिली. शेवटी कोपऱ्यातली एक आखूड गिटार तिच्या हातात आली. रंग फिकट शेवाळी, एका बाजूला ओरखडा. दांडी बारीक, तारा बारीक आणि लाकडाला जवळ. तनुजाचा कोपर आपोआप वाकला, अंगठा दांडीमागे टेकला आणि बोटं दांडीच्या टोकाकडच्या पहिल्या पट्टीपर्यंत पोचली. तिने एक तार दाबून छेडली. सूर निघाला, स्वच्छ, आणि दुकानभर ऐकू आला. तनुजाने मान वर केली नाही. तिने तोच सूर पुन्हा वाजवून खात्री करून घेतली.

“ही दोन वर्षांत लहान पडेल हो,” दुकानदार सोपानला म्हणाला. “जरा मोठी बघा, पुढं कामाला येईल.”

हेच वाक्य सोपानच्याही जिभेवर होतं. जन्मभर त्याने तेच म्हटलं होतं. त्याने लेकीच्या बोटांकडे पाहिलं.

“लहान पडली की हिला घेऊन परत येतो,” तो म्हणाला. “आज हीच द्या.”

गोष्ट इथं गोड झाली असं समजू नका. जत्रा तर आधीच होऊन गेली होती. निशिकांत कॉलेजला शहरात निघून गेला आणि त्याच्यामागे ऑर्केस्ट्रा मोडला. समाजमंदिराला कुलूप होतं, दाराशी एकही चप्पल नव्हती. बोटं ओढण्यात गेलेले दिवस तनुजाला कुणी परत दिले नाहीत. ती एकटीच शिकत बसली. चुकत बसली, म्हणा.

एका संध्याकाळी सोपानचा फोन आला. “जमतंय का गं?”

“थोडं थोडं. बोटं दुखत्यात.”

“वाजवतीस?”

“लाइट गेलीया, पप्पा,” तनुजा म्हणाली. त्या दिवशी लाइट खरोखरच गेली होती. “तरी वाजवते. बारीक ऐकू येईल.”

तिने फोन गिटारला टेकवून ठेवला. करंट नसलेली ती गिटार अगदी हळू बोलत होती. सोपानने टँकर रस्त्याच्या कडेला घेतला आणि ते ऐकण्यासाठी इंजिन बंद केलं.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची त्याचा हात आधी हातात घेऊन बघावा. उद्या पुरेल म्हणून दिलेलं आज जमलं नाही, तर लेकरू वस्तूला दोष देत नाही, स्वतःला देतं.