साडेसहा बोटे

त्या राज्यात प्रत्येक हत्याराला जन्मभरात भट्टीचे सातच ताव मिळत. आठव्या तावाला लोखंड जळून जाई. म्हणून सगळे सातही ताव धारेला देत आणि मग मोजणीच्या गजापुढे ओंडक्यावर घाव घालत. गज घावात उतरून त्याची खोली मोजी. सात बोटे भरली की लढाईत पहिली रांग.

खांडा आणि सुरा एकाच पट्टीतून तोडलेले भाऊ. खांडा थोरला. पाच ताव धारेला दिल्यावर तो ऐरणीवर आडवा झाला.

"उरलेले दोन अंगाला. मला ढालीचं काम शिकायचंय."

घण खदखदून हसला. "दोन तावांत ढाल? पातेलं होशील, पातेलं!"

"होऊ दे. ठोक."

चार बोटांचे अंग साडेसहा बोटे रुंद झाले. ओंडक्यावर घाव मात्र पाचच बोटे गेला.

"दोन ताव पाण्यात," गज म्हणाला. "ढालीचं माप माझ्यावर कोरलेलं नाही. म्हणजे ते शून्य."

सुऱ्याला भावाची लाज वाटली. त्याचे स्वतःचे पाच ताव झाले होते, पाचही धारेला.

"दादा, सगळे हसतात."

"हसू देत. लढाईत तू माझ्या मागे राहा."

"मागे? मी काय चमचा आहे?"

"पातेल्यात चमचाच असतो. ये."

मग शत्रूच्या कुऱ्हाडी आल्या. पहिल्या रांगेने एकेक दांडा उभा चिरला आणि दुसऱ्या घावाला ती रांग मधोमध तुटली. मुठी उडाल्या. अर्धी पाती चिखलात तडफडत राहिली आणि कुऱ्हाडी त्यांना तुडवत पुढे आल्या. ते पाहून सुऱ्याचे डोके फिरले. भावाला ओलांडून तो घुसला. दोन दांडे त्याने फोडले. तिसऱ्यात तो मुठीपर्यंत रुतला. निघेना.

सगळ्यात मोठी कुऱ्हाड त्याच्यावर उगारली गेली. खांडा त्याच्या अंगावर आडवा पडला.

पहिला घाव खांड्याच्या पाठीत शिरला. कुऱ्हाडीने स्वतःला उपसले आणि त्याच फटीत पुन्हा मारले. मग तिसऱ्यांदा. लोखंड फाटल्याचा आवाज सुऱ्याने अगदी कानाशी ऐकला.

"दादा, सरक! सरक ना!"

"गप. तू निघ आधी."

सुरा लाकूड फाडत बाहेर निघाला आणि त्याने कुऱ्हाडीची मान तोडली. ती पडल्यावरही तो तिच्यावर वार करत राहिला. दांड्याचा भुसा झाला तरी थांबला नाही. मग मागे वळून त्याने हाक मारली. खांडा बोलला नाही.

संध्याकाळी गज पडलेल्यांची मोजणी करत आला. "हा पाच बोटांचा. याने आज कुणाला मारलं नाही."

"त्याला लागलंय ते मोज," सुरा म्हणाला.

"तसं मी मोजत नाही."

"मोज म्हणतो ना!"

गज फटीत उतरला. सहा बोटांवर तळ लागला. खाली अर्धे बोट लोखंड अजून अखंड होते. सुरा सरकत गेला आणि त्या अर्ध्या बोटाखाली दुपारी होता तसा निजला. गज बराच वेळ फटीतून वर आला नाही.

सकाळी सुरा भट्टीवर गेला. त्याचे दोन ताव उरले होते. घणाने ऐरण पुसली. सुऱ्याची धार ठोकायला तो वाकला, तोच सुरा आडवा झाला.

"अरे, पातेलं होशील," घण हळूच म्हणाला.

"ठोक."