चौकातली ओवाळणी

फार पूर्वी, रस्त्यांवर फक्त बैलगाड्या धावायच्या तेव्हाची गोष्ट. नदीकाठी एक छोटं शहर होतं. शहराच्या मधोमध एक पेठ होती, आणि त्या पेठेचा काय तोरा! कापड म्हणू नका, भांडी म्हणू नका, अत्तर, बांगड्या, मिठाई, सगळं तिथे मिळायचं. बाजाराच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसायची.

मग राजानं नदीवर नवा पूल बांधला, तोही शहराबाहेर. पुलापाशी नाका आला, नाक्यावर चार टपऱ्या आल्या, आणि बघता बघता तिथे दुसरा बाजार उभा राहिला. पेठेतले दुकानदार माशा मारत बसले.

दुकानदारांनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. कापडवाले अण्णा सगळ्यांत वडीलधारे, म्हणून ते मधे बसले.

"पेठेच्या तोंडाशी कमान बांधू," मिठाईवाला म्हणाला. "कमान बघून लोक आपोआप आत येतील."

झालं, कमान उभी राहिली. उद्घाटनाला झाडून सगळं शहर आलं, पेढे खाल्ले, कमान छान आहे म्हणालं आणि घरी गेलं. दुसऱ्या दिवशी कमानीवर कबुतरं तेवढी आली.

मग अत्तरवाल्याच्या सांगण्यावरून चौकात कारंजं केलं. त्याचा लाभ शेळ्यांनी घेतला. बिचाऱ्या लांबलांबून पाणी प्यायला यायच्या.

शेवटी भांडीवाला तांबट वैतागला. "पुरे झाली ही थेरं! एवढी दिवाळी बघतो, नाहीतर दुकानाला कुलूप लावून मीही नाक्यावर जातो." तो गेला असता तर पाठोपाठ सगळेच गेले असते आणि पेठ कायमची बसली असती. अण्णांना रात्र रात्र झोप येईना.

दिवाळी आली, भाऊबीज आली. अण्णांचं घर शहरापासून लांब, मळ्यात. तिथे त्यांची धाकटी बहीण चंद्रा तीन कोसांवरच्या सासरहून आली. तिनं पाट मांडला, निरांजन लावलं. अण्णा पाटावर बसले खरे, पण त्यांची नजर बहिणीच्या लुगड्यावर खिळली. काठ ओळखीचा नव्हता. आपल्या दुकानातलं सूत न् सूत ओळखणारा माणूस तो!

"चंद्रे, हे लुगडं कुठलं गं?"

"आधी ओवाळू तरी दे."

"कुठलं ते सांग."

"नाक्यावरचं," ती म्हणाली.

अण्णांचा चेहरा पडला. "सख्ख्या भावाचं कापडाचं दुकान, आणि बहीण लुगडं घेते नाक्यावर! अगं, मी तुला स्वस्तात दिलं नसतं का?"

चंद्रानं ताम्हण खाली ठेवलं. "स्वस्ताचं काय घेऊन बसलास, अण्णा? तुझ्या दुकानात मी आजवर एकदा तरी पाणी प्यायले का, आठवून बघ."

अण्णांनी आठवून बघितलं. खरंच की! तांब्या पुढे केला की ती मान हलवायची. त्यांना वाटायचं, सासरचं वळण असेल.

"आम्ही बायका पहाटे गाडीत बसतो आणि दिवस मावळता घरी पोचतो," चंद्रा म्हणाली. "तुमच्या पेठेत बाईमाणसानं जायचं कुठे? पुरुषांचं बरं आहे, भिंत दिसली की उभे. आम्ही मात्र आदल्या दिवसापासून पाणी पिणं तोडतो. पोटात कळा येत असतात, आणि तुम्ही गादीवर बसून म्हणता, बघा बघा, निवांत बघा, घाई काय आहे! नाक्यावर एका म्हाताऱ्यानं विहिरीमागे कुडाचा आडोसा करून दिलाय. कुडाचाच आहे रे, पण आहे. म्हणून आम्ही तिकडे जातो."

"मग इतकी वर्षं मला बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? आणि असलं बाईनं आपण होऊन कसं सांगायचं?"

अण्णांना फार वाईट वाटलं. आपली बहीण आपल्याच दुकानात तहानलेली बसत होती आणि आपण तिला काठपदर दाखवत होतो! ते म्हणाले, "ओवाळ आता. आणि ओवाळणीत मागशील ते देईन."

चंद्रानं ओवाळलं आणि मागितलं, "पेठेत आम्हा बायकांसाठी आडोसा दे. भक्कम भिंतींचा, आत पाणी असलेला. बाहेर सावलीत टेकायला कट्टा असू दे, तान्ह्या पोराला पाजता आलं पाहिजे."

"दिला!" अण्णा म्हणाले.

दिला म्हणणं सोपं असतं हो! अण्णांनी पुन्हा बैठक बोलावली, आणि या वेळी बांगड्या विकणाऱ्या कासारीणकाकूंनाही बोलावलं. पेठेत दुकान चालवणाऱ्या त्या एकट्याच बाई, पण आजवर त्यांना कोणी पारावर बसवलं नव्हतं. काकूंनी अण्णांच्या तोंडून चंद्राचं म्हणणं ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "सोळा आणे खरं आहे. मी स्वतः दुपारी दुकान बंद करून घरी पळते ते कशाला, असं वाटलं तुम्हाला?"

मग सगळ्यांनी माना डोलावल्या. कल्पना उत्तम! फारच उत्तम! फक्त जागेचा प्रश्न निघाला.

"माझ्या दुकानाशेजारी नको," अत्तरवाला म्हणाला. "माझा धंदाच वासाचा."

"माझा खाण्याचा," मिठाईवाला म्हणाला.

"माझ्याकडे आधीच जागा नाही," तांबटानं हात वर केले.

मग कोणीतरी तोड काढली. पेठेच्या मागे, नाल्याच्या कडेला बांधू. कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. खरं सांगायचं तर अण्णांनाही वाटलं. कारण चौकात एकच जागा मोकळी होती, आणि ती त्यांची होती. तिथे दुमजली दुकान बांधायचं म्हणून त्यांच्या वडिलांनी दगड आणून टाकले होते. वडील गेले, दगड राहिले. ते दुकान बांधायचं एवढं एकच स्वप्न अण्णांनी लहानपणापासून जपलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा काकूंना घेऊन नाल्याची जागा बघायला गेले. वाटेत काटेरी झुडपं, पुढे चिखल, आणि पडक्या भिंतीवर पत्ते कुटत बसलेली टवाळ पोरं. काकू अर्ध्या वाटेतच थांबल्या.

"बांधा हवं तर," त्या म्हणाल्या. "पण मी भरदिवसा इथे पाऊल टाकायची नाही. तुमच्या बहिणीला पाठवाल?"

अण्णा तिथूनच मागे फिरले. परत येऊन ते चौकात वडिलांच्या दगडांवर बसले. भाऊबीजेला बहिणीच्या ताम्हणात कोणी फाटकं लुगडं घालतं का? मग ही ओवाळणी तरी टाकाऊ का द्यायची? ते उठले आणि गवंड्याला बोलावून म्हणाले, "इथे, चौकात, याच दगडांचा बांध."

काय हसले लोक! "अण्णांना म्हातारचळ लागला." "चौकातली जागा, आणि तिथे हे? पेठेचं नाक कापलं!" अण्णा ऐकत राहिले आणि भिंती वर चढत राहिल्या.

आडोसा बांधून झाला, तसा नवा प्रश्न आला. रोज साफ कोण ठेवणार? अण्णा म्हणाले, "पाळीपाळीनं. प्रत्येक दुकानानं एक दिवस. पहिली पाळी माझी." आणि भर पेठेत, पगडी काढून, कासोटा घट्ट करून अण्णा खराटा घेऊन आत गेले. ते बघून हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. तांबट गुपचूप दुकानात गेला आणि पाण्यासाठी आपला सगळ्यात मोठा हंडा घेऊन आला. अत्तरवाल्यानं भिंतीलगत जाईचा वेल लावला. मिठाईवाल्यानं कट्ट्यावर मांडव घातला आणि पुढची पाळी मागून घेतली.

बाजाराचा दिवस उजाडला. चंद्रानं गावात सांगितलं होतं, म्हणून चारदोन गाड्या पेठेत आल्या. पण आडोशाकडे एकही बाई जाईना! सगळ्यांच्या देखत चौकात कसं जायचं? पदर तोंडाला लावून त्या नुसत्या घुटमळल्या.

तेवढ्यात कासारीणकाकूंनी आपली बांगड्यांची टोपली उचलली आणि थेट आडोशाच्या दारातल्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. "या गं बायांनो, बांगड्या भरायला या!" आता बांगड्या भरायला जायची कोणाला लाज? एक गेली, दोघी गेल्या, मग रांग लागली. कोण बांगड्या भरायला गेली आणि कोण कशाला, ते कोणाला कळणार?

त्या दिवशी बायकांना घरी जायची घाई नव्हती. त्यांनी लुगडी उलगडून बघितली, भांडी वाजवून बघितली, मनासारखी घासाघीस केली. बायका थांबल्या म्हणून पुरुष थांबले, पोरांनी जिलबीसाठी भोकाड पसरलं, मिठाईवाल्याची कढई दुपारपर्यंत रिकामी झाली. पुढच्या बाजाराला दुप्पट गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या बाजाराला नाक्यावरचे टपरीवाले कपाळाला हात लावून विचारायला आले, पेठेत एखादा गाळा मिळेल का हो? तांबटानं कुलूप विकून टाकलं. कारंज्यावर आता माणसांचीच एवढी गर्दी, की शेळ्यांना नंबर लागेना!

अशाच एका भरल्या बाजारात चंद्रा अण्णांच्या दुकानात आली. ऊन मी म्हणत होतं. ती ऐसपैस मांडी घालून गादीवर बसली आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाली, "अण्णा, पाणी दे."

अण्णांनी तांब्या भरून दिला. तिनं तो घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या पुढे केला.

"आणखी आण."

अण्णा पाणी आणायला वळले आणि उपरण्यानं डोळे पुसून मग माठाकडे गेले.

तात्पर्य सांगायचं ते एवढंच: आपल्या दारी कोणी येत नसेल, तर दार सजवण्याआधी न येणाऱ्याची अडचण विचारावी; आणि ती दूर करायला जागा द्यायची, तर आपल्याला सगळ्यात प्रिय असेल ती द्यावी.