इंग्रजी बोल्ट, जर्मन बोल्ट

पुन्हा तेच सांगायला लावता राव, चहा निवतोय माझा.

कारखान्यात जर्मन मशीन आलं, तसं आमच्या प्रभाकर कर्णिक साहेबांनी भिंतीवर घोटाळ्यात पाडणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी लावली. एकेकाचे चार अर्थ, शेजारी जर्मन नावं. सगळ्यांदेखत मला म्हणाले, "हे पाठ नसेल तर मशीनला हात लावायचा नाही. अडाणी कुठला!"

मी हबकलोच. तीस वर्षं फिटरचं काम करतोय मी, पण शाळा फक्त तिसरीपर्यंत!

मग दोन बोल्ट त्यांच्या हातात कोंबले. "डोळे मिटा साहेब. इंची आट्यांचा इंग्रजी कुठला, मिलिमीटरचा जर्मन कुठला?"

चाचपून त्यांनी एक पुढे केला. "हा जर्मन."

मी डोळे मिटून त्यावर नख फिरवलं. "हा इंग्रजी. मशीनमध्ये पिळला असता तर आटे गेले असते."

साहेबांनी डोळे उघडून दोन्ही बोल्टचे आटे ताडून पाहिले, इंग्रजीच निघाला. मशीन माझ्याकडेच राहिलं. माफी मात्र अजून मागायची आहे, प्रभाकर कर्णिकांनी.